ओल्या काड्या

ही गोष्ट खरी आहे.

अशा गोष्टी मध्यरात्री घडतात असं आपण वाचतो. ही संध्याकाळी सव्वासहाला घडली. साल १९८२. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. ठिकाण वाशी, खाडीच्या बाजूची एक तीन मजली बिल्डिंग, पहिला मजला.

ज्याच्या बाबतीत घडली तो श्यामसुंदर अजून हयात आहे. इतक्या वर्षांत त्याने ती मोजून तिघांना सांगितली. भास झाला असेल, मन ठिकाणावर नसेल, असं तो स्वतःच आधी म्हणून टाकतो. पण सांगता सांगता प्रत्येक वेळी तो एका ठिकाणी थांबतो. उठतो. मोरीत जाऊन साबणाने हात धुतो. मगच पुढचं सांगतो.

कुठल्या ठिकाणी, ते येईलच.

श्यामसुंदर मूळचा कऱ्हाडकडचा. मुंबईत एका सरकारी कचेरीत कारकून. माणूस बुजरा. चार लोकांत तोंड उघडायचा नाही, पण हातात कागद आला की मोत्यासारखं अक्षर आणि पल्लेदार भाषा. बायको स्मिता, आणि आठ महिन्यांची मुलगी वैशाली. परळला मावसभावाच्या एका खोलीत पाच वर्षं काढून वाशीत हक्काचं घर घेतलेलं. एक बाहेरची खोली, एक स्वयंपाकघर, चिमुकली मोरी.

तेव्हाची वाशी म्हणजे निम्म्या बिल्डिंगी रिकाम्या. संध्याकाळ झाली की खाडीचा वारा आणि बेडकं. बाकी आवाज नाही.

समोरच्या दारात गोजराबाई राहायची.

ती इथलीच, खाडीकाठच्या गावातली. बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी होती तिथे तिच्या सासऱ्याची भाताची खाचरं होती म्हणे. मुलगा देवजी तुर्भ्याला एका केमिकल कंपनीत लागला आणि त्याने हे घर घेतलं. सून पुतळा. गोजराबाईला मात्र ते घर आवडलं नाही. ती दिवसभर दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात बसायची, आणि दोन दारांमधल्या जागेत गोणपाट पसरून त्यावर जवळा वाळवायची. सुकट. बोंबील. संध्याकाळी सूप घेऊन तो जवळा पाखडायची.

सर्र... सर्र... सर्र...

स्मिताला त्या वासाने उमळून यायचं. माळकऱ्याचं घर तिचं. घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. आणि इथे दार उघडलं की तो वास अंगावर यायचा. कपड्यांना लागायचा. दुधाला लागतो, पोरीच्या टाळूला लागतो, असं ती म्हणायची. बाळाचं डोकं हुंगून ती रडली होती एकदा.

खरं तर श्यामसुंदरला तिच्याहून जास्त किळस यायची, पण तोंडाने बोलायची हिंमत नव्हती. गोजराबाई समोर आली की तो हसून मान हलवायचा आणि श्वास रोखून जिना उतरायचा.

मग त्याने उपाय केला. खळ शिजवली आणि स्वयंपाकघरातल्या झडपांच्या फटींवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवली. खिडकीच्या चौकटीत कागदाचे बोळे ठोसले. दाराखालच्या फटीत ओलं गोणपाट दाबलं. तिन्हीसांजेला पुढचं दार उघडं ठेवायची त्याच्या आईची रीत होती. तीही बंद केली.

गोजराबाईच्या हे लक्षात आलं. ती मोठ्याने हसली होती.

"सांजचा दार लावाचा नाय रं, बाला. पेटीन बसल्यावानी काय बसतांव? लक्षुमी येवाची कशी?"

तो हसला. मान हलवली. दार लावून घेतलं.

आणि त्याच आठवड्यात त्याने सोसायटीच्या सेक्रेटरीला अर्ज लिहिला. दोन पानी. 'असह्य दुर्गंधी', 'सुसंस्कृत वस्तीस अशोभनीय', 'आरोग्यास विघातक'. खाली नाव घातलं नाही. 'एक रहिवासी' एवढंच. सेक्रेटरीने त्यातलीच वाक्यं उतरवून गोजराबाईला चिठ्ठी धाडली.

ती चिठ्ठी गेली बुधवारी. गुरुवारी बाहेरचं गोणपाट दिसेनासं झालं. शुक्रवारी सकाळी गोजराबाईच्या छातीत दुखायला लागलं. देवजीने तिला पुलापलीकडे मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं. पुतळाही गेली. दाराला भलंमोठं पितळी कुलूप.

शनिवारी श्यामसुंदरच्या घरी गॅस आला.

पाच वर्षं नंबर लावलेला होता. स्मिताने शेगडीला हळदकुंकू वाहिलं. नवी चूल, म्हणून पहिल्यांदा दूध उतू घालवायचं. गॅसवाल्याने जोडणी करून दिली, घाईघाईने दोन शब्द सांगितले आणि तो गेला. साडेअकराला दूध उतू गेलं. पांढरा फेस बर्नरवर सांडला, करपला. स्मिता खूश.

मग स्मिताने गॅस बंद केला.

म्हणजे, तिला वाटलं तिने बंद केला.

आयुष्यभर तिने वातीच्या स्टोव्हवर स्वयंपाक केलेला. त्या स्टोव्हचं कसं, चावी फिरवत जायची. वाती खाली जातात, ज्योत लहान लहान होते आणि विझते. विझली की बंद. तिने शेगडीची कळही तशीच फिरवत नेली. ज्योत लहान झाली... आणखी लहान झाली... आणि विझली.

आजच्या कुठल्याही बाईला कळेल काय झालं ते. त्या दिवशी त्या घरात कुणाला कळलं नाही.

बारा वाजता श्यामसुंदर हाफ डे करून कचेरीतून निघाला. घरी पोचला तो दीडला.

दार उघडताच त्याच्या नाकात वास शिरला.

कुजका. कोबीचा गड्डा पाण्यात पंधरा दिवस सडावा तसा. त्यात अंड्याचा, त्यात गटाराचा. घशाच्या मागे चिकटणारा.

स्मिताने नाकाला पदर लावला होता. ती म्हणाली की म्हातारी घरात सुकट टांगून गेली असणार, बंद घरात ती सडली. कुलूप लावलं तरी सुटका नाही. श्यामसुंदरलाही ते पटलं. दुसरं काय असणार? वास त्याच एका दारातून यायचा, हे ठरलेलंच होतं.

त्याने दाराखालचं गोणपाट काढलं, पुन्हा भिजवलं, आणि पायाने दाबदाबून फट बुजवली. झडपांवर कागदाचा आणखी एक थर लावला. खळीचा हात धुताना त्याला ओकारी आली.

जेवण सकाळीच वातीच्या स्टोव्हवर झालं होतं. दोघांनी दोन घास खाल्ले. वासावर अन्न जाईना.

पाच वाजता स्मिता बाजाराला निघाली. वैशाली बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, जमिनीवरच्या गोधडीत झोपली होती. वर छत्रीसारखी मच्छरदाणी.

"अहो, मला उशीर झाला तर दिवा तेवढा लावा," जाताना ती म्हणाली. "काड्यापेटी देवापाशीच आहे. नवीन आहे. आणि दार लगेच लावून घ्या, पोरीपर्यंत वास येतो."

त्याने दार लावलं. गोणपाट दाबलं. खुर्चीत बसून पुस्तक उघडलं.

साडेपाचच्या सुमारास त्याच्या लक्षात आलं...

वास नव्हता.

त्याने खोल श्वास घेतला. काहीच नाही. त्याला बरं वाटलं. गोणपाटाने काम केलं, असं तो मनाशी म्हणाला.

सहाला लाइट गेले. ते रोजच जायचे. पंखा फिरत फिरत थांबला, आणि घर एकदम गप्प झालं. बेडकं नाहीत. वारा नाही. खिडक्यांना कागद. काहीच ऐकू येईना.

मग...

सर्र...

त्याने पुस्तकातून मान वर केली.

सर्र... सर्र...

सुपात जवळा पाखडल्याचा आवाज. दाराबाहेरून.

तो दाराशी गेला. कान लावला. आवाज थांबला. एक क्षण, दोन क्षण. म्हातारी परत आली वाटतं, आणि आल्या आल्या हाच उद्योग... त्याला इतकी किळस आली की त्याने दार उघडलंच नाही.

तो वळला. आवाज पुन्हा सुरू झाला.

सर्र... सर्र...

सव्वासहा झाले होते. स्वयंपाकघरात अंधार उतरला होता. कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंच चौरंगावर देव. शेजारी समई. तो पाटावर मांडी घालून बसला. मागे चार पावलांवर वैशाली झोपेत चुळबुळ करत होती. एकदा खोकली.

त्याने काड्यापेटी उचलली.

ती जड लागली.

उघडली. काडी काढली आणि ओढली. काडी पेटीच्या कडेवर नुसती घसरली. गुल पिठासारखं पसरलं. त्याने बोटांनी चाचपून पाहिलं.

ओली होती.

दुसरी काढली. तीही ओली. तिसरी काडी बोटांत वाकली, उकडलेल्या शेवईसारखी.

नवीकोरी पेटी. घरात कुठे पाणी सांडलेलं नव्हतं.

मग त्याच्या बोटांना काहीतरी लागलं. बुळबुळीत. त्याने बोटं डोळ्यांजवळ नेली. खिडकीच्या कागदातून येणाऱ्या उजेडात अंगठ्यावर काहीतरी चमकलं. नखाएवढं. गोल.

माशाचं खवलं.

त्याने ते झटकलं. ते निघेना. दुसऱ्या हाताने खरवडलं, तर ते दुसऱ्या बोटाला चिकटलं. त्याखाली आणखी एक होतं. पेटी तिरकी केली तर काड्यांच्या मधून दाटसर, करडं पाणी त्याच्या तळहातावर ओघळलं. ओहोटीच्या चिखलाचा वास आला. इतका वेळ नाकाला कसलाच वास नव्हता, आणि आता हा एकच.

ह्या ठिकाणी श्यामसुंदर थांबतो. हात धुऊन येतो.

त्याने पेटी टाकली. मोरीकडे धावताना ओट्यावरची दुसरी पेटी दिसली, स्टोव्हजवळची. दिवा तर लावायलाच हवा होता. घरात अंधार, पोर एकटी. त्याने ती उघडली. आत काड्या नव्हत्या. म्हणजे काड्याच होत्या, पण त्या हलत होत्या. पांढऱ्या, बारीक, एकमेकांवरून सरकत होत्या. सडक्या मासळीत पडतात तशा.

तो मोरीत ओकला.

तोंड पुसताना त्याचा बुजरेपणा कुठल्या कुठे गेला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. ही घाण भिंतीतून येते, दारातून येते, आता देवापाशी आली. त्याने खिडकीवरचे कागद टराटरा फाडले. झडपांवरचे थर नखांनी ओरबाडून काढले. मग पुढच्या दाराशी गेला, गोणपाट लाथेने उडवलं आणि दार खाडकन उघडलं.

खाडीचा वारा घरातून आरपार गेला.

समोर, कुलूप लावलेल्या दाराशी, उंबऱ्यावर गोजराबाई बसली होती. पाठमोरी. काष्टा घातलेलं लुगडं. ओलं. लुगड्याच्या ओच्यातून पाणी गळत होतं. मांडीवर सूप.

सर्र... सर्र...



ती वळली नाही. नेहमीच्याच आवाजात म्हणाली,

"आता उघराच ऱ्हाऊं दे, बाला. पोरीला घे नि खाली जा."

आत वैशाली रडायला लागली. तो धावला. मच्छरदाणी भिरकावली, पोरीला उचललं, दारात आला.

समोर कुणी नव्हतं. कुलूप होतं.

उंबऱ्यावर ओंजळभर ओला जवळा पडला होता.

तो जिना उतरला की कोसळला, त्याला आठवत नाही. खाली स्मिता येत होती, हातात पिशव्या. मागे देवजी. डोळे सुजलेले. श्यामसुंदरच्या तोंडून एवढंच निघालं की वर वास आहे, घाण आहे, तुझी आई...

देवजी ऐकायला थांबला नाही. पहिल्या मजल्यावर पाय ठेवताच त्याने नाक वर केलं. कंपनीत रोज टाक्यांजवळ काम करणारा माणूस तो.

"वहिनी, वर येऊ नका," तो ओरडला नाही, अगदी हळू म्हणाला. "कुनी काडी ओढू नका. लाइट आले तरी बटनाला हात लावू नका. गॅस हाय हा."

तो एकटा आत गेला. शेगडीची कळ शेवटच्या टोकाला, सगळ्यात बारीक ज्योतीवर होती. ज्योत नव्हती. साडेअकरापासून. बर्नरच्या भोकांत करपलेलं दूध.

अर्ध्या तासाने त्याने सगळ्यांना खाली अंगणात बसवून समजावलं. हा गॅस हवेपेक्षा जड. वर जात नाही, पाण्यासारखा खाली बसतो आणि जमिनीवरून पसरत जातो. ओट्यावरून खाली, चौरंगाखाली, उंबऱ्यावरून गोधडीपर्यंत. दाराखालून निघून जाता आलं असतं त्याला, तर ती फट बुजवलेली. घोट्याएवढा होतो, मग गुडघ्याएवढा. हवेच्या शंभर भागांत दोन भाग मिसळला की झालं. एक काडी. भिंतीसुद्धा राहिल्या नसत्या.

"पण तो वास तर तुमच्याकडचा..." स्मिता म्हणाली.

"गॅसला मुद्दाम घालतात तो वास. मानसाला कळावं म्हनून."

"नंतर वास गेला होता," श्यामसुंदर म्हणाला. "साडेपाचला. अजिबात नव्हता."

देवजीने त्याच्याकडे पाहिलं.

"गेला नव्हता, भाऊ. तुमचं नाक मेलं होतं."

मग तो उठला. म्हणाला, आईचं लुगडं न्यायला आलोय. चार वाजता गेली ती.

त्याने कुलूप काढलं तेव्हा श्यामसुंदर मागे उभा होता. का उभा होता, त्याला सांगता येत नाही. घर झाडून लख्ख. दांडी रिकामी. शिंकं रिकामं. सुकटीचा एक कणसुद्धा नव्हता. फिनेलचा वास येत होता.

"सोसायटीची चिठ्ठी आलती ना," देवजी लुगड्याची घडी करत म्हणाला. "पुतळानं वाचून दाखवली. म्हातारी गप बसली. मग सगला माल उचलला नि स्वतः खाडीन टाकून आली. दोन फेऱ्या मारल्या. त्याच रात्री दम लागला तिला. अर्ज कुनी लिवला व्हता, काय म्हाईत. भाषा लई भारी व्हती पन."

श्यामसुंदरने मान हलवली.

आजपर्यंत त्याने ते देवजीला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तो त्या काड्यापेट्या घेऊन खाली मोकळ्या मैदानात गेला. दोन्ही पेट्या देवघरात आणि ओट्यावर, जिथल्या तिथे सापडल्या होत्या. उघडल्या. काड्या सरळ, कोरड्या, लाल गुलाच्या. त्याने एक ओढली. पहिल्या फटक्यात पेटली. दुसरी ओढली. तीही पेटली. अशा त्याने दोन्ही पेट्या संपवल्या. एकही काडी विझली नाही.

उंबऱ्यावरचा जवळा मात्र होता. पुतळाने तेराव्याला आल्यावर झाडून काढला. कुठून आला, तिला कळेना.

वैशाली आता चाळिशीची आहे. तिला यातलं काही माहीत नाही. एवढंच माहीत आहे की बाबा तिन्हीसांजेला दार उघडं ठेवतात, पाऊस असो, डास असोत. आणि दिवा स्वतःच लावतात, दुसऱ्या कुणाला लावू देत नाहीत.

तो पाटावर बसतो. पेटी उघडतो. काडी आधी बोटांनी चाचपतो.

ती रोज कोरडीच निघते.

आणि मग ती हातात धरून तो दाराकडे बघत बसतो. नाकाचा त्याला आता भरवसा नाही. तो कान देऊन ऐकतो. बराच वेळ. बाहेर कुणी पाखडत नाही ना...

अंगठा वळवळतो. काहीतरी चिकटल्यासारखा.

कधी कधी तो उठून हात धुतो, आणि त्या दिवशी दिवा लागतच नाही.